खेळातले तीर्थक्षेत्र आणि चांद्याची वेस

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा नागपूरहून धानोऱ्याला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चार दिवस झड लागलेली, लाइट कधी आहे तर कधी नाही, मोबाइलला रेंज नाही. पोरगा कंटाळेल असे वाटले होते. पण त्याने बॅगेतून एक जाड वही, पेन्सिली आणि फाशांची पिशवी काढली. त्यातला एक फासा वीस पैलूंचा होता. आमच्या घरात लुडोचा फासा माहीत, वीस पैलूंचा पहिल्यांदाच पाहिला.

‘मामू, तुम्ही इतिहासाचं लिहिता ना? मला एक गाव बनवून द्या,’ तो म्हणाला.

‘कसलं गाव?’

‘तीर्थक्षेत्र. जादूच्या दुनियेतलं. दुरून यात्रेकरू येतात, मोठं देऊळ आहे, बाजार आहे, काहीतरी गुपित आहे. माझे मित्र त्या गावात पात्रं बनून जाणार. पण गाव खरं वाटलं पाहिजे.’

त्याने अर्धवट काढलेला नकाशा पुढे केला. वर्तुळाकार तट, तटाला एकच दरवाजा, मधोमध सोन्याच्या कळसाचे देऊळ आणि दरवाजावर पहारेकरी. खाली गावाचे नियम लिहिलेले. त्यातल्या एका नियमाकडे मी नंतर येतो. आधी हा खेळ काय आहे ते सांगतो, कारण माझ्या वयाच्या बहुतेक वाचकांना तो ठाऊक नसावा.

फाशांचा प्रवास

या खेळांना ‘रोलप्लेइंग गेम’ म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण कथा चालवतो, बाकीचे त्या कथेतली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर. पात्राने काय करायचे ते खेळणारा ठरवतो आणि ते जमले की फसले ते फासा ठरवतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला सगळ्यांत गाजलेला खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही टेबलावर लढाया मांडून खेळणाऱ्या मंडळींपैकी. त्या खेळांची मुळे १८२४ साली प्रशियाच्या फौजेपुढे आलेल्या ‘क्रीगश्पील’पर्यंत जातात. नकाशावर सैन्य मांडून अधिकाऱ्यांना युद्ध शिकवण्याचा तो प्रकार होता.

अशा खेळासाठी जे काल्पनिक जग रचतात त्याला ‘सेटिंग’ म्हणतात. बहुतेक सेटिंगे युरोपच्या मध्ययुगावर बेतलेली असतात. किल्ला, सरदार, मठ, दारूचा गुत्ता. अलीकडे त्यात बदल होतो आहे. २०२२ साली निघालेल्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या पुस्तकात मिमी मंडल या बंगाली लेखिकेने बंगालच्या नद्या आणि दलदलींवरून सुचलेला एक प्रदेश रचला आहे. भाच्याने ते वाचले होते. ‘बंगाल झालं, आपलं का नाही?’ हा त्याचा प्रश्न. रास्त होता.

पटावरची तीर्थयात्रा मात्र आपल्याकडे नवी नाही. आज मुले सापशिडी खेळतात. तिचे जुने रूप म्हणजे ज्ञानचौपड. महाराष्ट्रात तिला मोक्षपट म्हणतात आणि परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावे, शिडीने वर, सापाने खाली. तळाला जन्म, माथ्याला मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला गेला. तिथे तो मुलांचा झाला आणि तसाच आपल्याकडे परत आला.

याच पटाचे एक सुफी रूपही आहे. त्याला ‘शतरंज-उल-आरिफीन’ म्हणतात. नावात शतरंज असले तरी ते बुद्धिबळ नव्हे, तीही सापशिडीच. घरांना सुफी साधनेतल्या अवस्थांची नावे आणि सगळ्यांत वर अर्श, म्हणजे ईश्वराचे सिंहासन. वैष्णवांचा पट आहे, जैनांचा आहे, सुफींचा आहे. घरांची नावे बदलतात, शेवटचा मुक्काम बदलतो. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. प्रत्येकाची सोंगटी तळापासून निघते. पटावर शिरण्याआधी कोणी तिला नाव विचारत नाही.

आजारी राजा आणि कोरडी नदी

भाच्याला म्हटले, काल्पनिक गाव रचायचे तर आधी खरे बघ. आपल्या धानोऱ्याहून एसटीने गडचिरोली, पुढे मूल, मग चंद्रपूर. जुने नाव चांदा. त्या गावाची जन्मकथा तुझ्या कुठल्याही पुस्तकातल्या कथेला हार जाणार नाही.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह सिरपूरला राज्य करत होता. त्याच्या अंगभर गाठी होत्या. शहाण्या राणीने त्याला तिथून हलवले आणि वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर वसले. एक दिवस राजा शिकारीला निघाला, तहान लागली. समोर झरपट नदीचे कोरडे पात्र. एका खळग्यातून पाणी झिरपत होते. राजाने ते प्यायले, हातपाय-तोंड धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी गाठी ओसरलेल्या दिसल्या. राणीने जागा शोधायला लावली. गवत-वाळू बाजूला केली तेव्हा खडकात गाईच्या खुरांचे पाच ठसे पाण्याने भरलेले सापडले. ते अचलेश्वराचे स्थान ठरले.

पुढे तिथेच शिकार करताना राजाला कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा दिसला. तो कुत्र्याचा पाठलाग करत होता! सशाने कुत्र्याला वेड्यावाकड्या फेऱ्यांनी पळवले, शेवटी कुत्र्याने उलटून सशाला मारले. राणी म्हणाली, सशाने ज्या वाटेने फेरा घेतला त्या वाटेवर तट बांधा. जिथे ससा मेला ती जागा या शहराला धोक्याची राहील. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जिल्ह्याचे जमाबंदी अहवाल आणि गॅझेटियर लिहिले तेव्हा ही कथा नोंदवून ठेवली. चंद्रपुरात ती आजही सांगतात.

कथा कथा आहे. पण तिच्यात शहराच्या घडणीचे नेमके आकलन आहे. आधी पाणी, मग आजार, मग देव आणि सगळ्यांत शेवटी तट. भाच्याच्या नकाशात तट आधी काढलेला होता.

हे राज्य आडरानातले होते, जगापासून तुटलेले नव्हते. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त चांद्याच्या बाबजी या गोंड राजाची नोंद केली आहे आणि वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचीही. या राजांच्या नावापुढचा ‘शाह’ हा शब्द फारसी. चांद्याच्या कोटाला चार मोठे दरवाजे. जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि चौथा पठाणपुरा. गोंड राजाच्या शहराचा एक दरवाजा पठाणांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यातून जाताना कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. वाटायचे कारणही नाही. जिथे फौज आहे, बाजार आहे, यात्रा आहे तिथे परका माणूस येणारच. तो आला नाही तर शहर झालेच नाही.

कोटाबाहेरची देवी

‘देऊळ कुठे ठेवलंस?’ मी विचारले.

‘मधोमध, तटाच्या आत. सगळ्यात सुरक्षित जागा.’

चंद्रपूरची महाकाली तटाच्या आत नाही. अंचलेश्वर दरवाजातून बाहेर पडा, झरपट ओलांडण्याआधी अचलेश्वराचे देऊळ, गोंड राजांच्या समाध्या आणि थोडे पुढे महाकाली. आजचे मंदिर राणी हिराईने बांधवले. पती बीरशाहच्या मृत्यूनंतर अठराव्या शतकाच्या आरंभी तिने दत्तक मुलगा रामशाहच्या नावाने कारभार पाहिला. पतीची समाधीही तिनेच उभारली. ज्या शहराची कथा राणीच्या शहाणपणाने सुरू होते, त्याची सगळ्यांत गर्दीची जागा पुन्हा एका राणीचीच. ती जागा कोटाबाहेर आहे, म्हणजे तिथे पोहोचायला पहारेकऱ्याची परवानगी लागत नाही.

चैत्र पौर्णिमेच्या सुमारास महाकालीची यात्रा भरते. गंमत म्हणजे सगळ्यांत जास्त भाविक स्थानिक नसतात. ते मराठवाड्यातून येतात, नांदेड-परभणीकडून. सोबत पोतराज, हलगी, डोक्यावर परडी. चैत्रातल्या चंद्रपूरचे ऊन ज्याने सोसले त्यालाच कळेल ते काय असते. बायाबापड्या झरपटमध्ये अंघोळ करतात, मैदानात चुली मांडतात, रात्री उघड्यावर झोपतात. शहराची बोली वेगळी, त्यांची वेगळी. आठ-पंधरा दिवस एका शहराच्या शेजारी दुसरे शहर वसते.

याच चंद्रपुरात दुसरीही यात्रा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला इथे त्यांनी लोकांना दीक्षा दिली. ती जागा दीक्षाभूमी. दर ऑक्टोबरात तिथे पांढऱ्या कपड्यांतली माणसे जमतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. एका गावाला दोन यात्रा. एका यात्रेत देवीपुढे लोटांगण, दुसऱ्या यात्रेत जुने देव सोडल्याची आठवण. दोन्हींना येणाऱ्यांना चहा पाजणारा टपरीवाला मात्र बहुतेक वेळा एकच असतो.

नदीच्या वाटेवर

भाच्याला एकच गाव हवे होते. मी म्हटले, गाव एकटे नसते. यात्रेची वाट असते. आपल्याकडे ती वाट म्हणजे नदी.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा. नदी तिथे वळून उत्तरेकडे वाहते. कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात इथल्या देवळांचा समूह पाहून वर्णन लिहिले. आज लोक त्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला जत्रा भरते. कथा अशी की मार्कंडेयाला सोळाच वर्षांचे आयुष्य होते. यम न्यायला आला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि शिवाने यमाला हटवले.

वैनगंगा पुढे वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. संगमाच्या पलीकडे, आता तेलंगणात, काळेश्वरम. तिथल्या गाभाऱ्यात एकाच पीठावर दोन लिंगे आहेत. एक शिवाचे, दुसरे यमाचे. वरच्या अंगाला ज्या दोघांची झुंज झाली, त्याच पाण्याच्या खालच्या अंगाला ते एका बैठकीवर बसलेले! हे ऐकून भाचा वही घेऊन सरसावला. ‘हे तर थेट खेळात जाईल, मामू.’

अलीकडच्या काठावर, सिरोंच्यात, वली हैदर शाह यांचा दर्गा आहे. उरुसाला गडचिरोलीची माणसे जातात तशी तेलंगणातलीही येतात. मराठी, तेलुगू, गोंडी, दखनी अशा सगळ्या बोली तिथे कानावर पडतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचा पुष्कर मेळा भरला तेव्हा याच सिरोंच्याच्या घाटांवर लाखाच्या हिशेबात माणसे आली.

आणि आमचा धानोरा? इथे मोठे देऊळ नाही, तीर्थाचे गाव नाही. पण आमच्या भोवतालच्या गोंड गावांत यात्रेची रीत उलटी आहे. तिथले देव म्हणजे पेन. करसाडाच्या वेळी माणसे आपल्या पेनांना खांद्यावर घेऊन निघतात. देवांनाही नातीगोती असतात, देव एकमेकांना भेटायला जातात. इथे माणूस देवाच्या दारात जात नाही, देवच पाहुणा होऊन येतो. ज्या मुलखात देवच पाहुणा म्हणून दारी येतात, तिथे दारावरच्या पहाऱ्याची कल्पना मुळात बाहेरची आहे, असे मला वाटते.

नागपूरच्या ताजुद्दीन बाबांचेही असेच. वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या या फकिराला रघुजीराव भोसले राजांनी आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर आणून ठेवले. १९२५ मध्ये बाबा गेले. ताजबागच्या उरुसाला आजही चादर घेऊन येणाऱ्यांत कोण कुठल्या धर्माचा ते ओळखू येत नाही.

वेशीवरचा प्रश्न

आता त्या नियमाकडे येतो. भाच्याच्या वहीत गावाचा तिसरा नियम असा होता: पहारेकरी दरवाजात प्रत्येकाला त्याचा देव विचारेल. गावाच्या देवाला न मानणाऱ्याने सूर्य मावळण्याआधी बाहेर पडावे.

मी विचारले, ‘हा नियम कुठून आणलास?’

‘असंच. पवित्र नगरी म्हटल्यावर असं काहीतरी असतंच ना?’

‘तुझे नाना या गावात किती वेळ टिकले असते?’

तो गप्प झाला. त्याच्या ते लक्षातच आले नव्हते. त्याचे नाना, म्हणजे माझे अब्बा, बांगड्या विकत. महाशिवरात्रीला मार्कंडा, चैत्रात महाकाली. लाकडी पेटी, चादर आणि बांगड्यांची तोरणे. लहानपणी मीही त्यांच्यासोबत जाई. देवीच्या यात्रेत हिरव्या बांगड्यांना मान. मराठवाड्याच्या म्हाताऱ्या बाया समोर बसत आणि हात पुढे करत. अब्बा मनगट बघूनच माप सांगायचे. ‘माय, हात सैल सोड,’ म्हणत बोटांवरून बांगडी कधी सरकवायचे ते कळायचे नाही. परक्या पुरुषाच्या हातात हात देताना कोणी त्यांना देव विचारला नाही. बांगडी तुटू नये एवढीच चिंता दोन्हीकडे. मगरीबची वेळ झाली की अब्बा पेटीवर फडके टाकत. शेजारचा कुंकवाचा दुकानदार गल्ल्यावर नजर ठेवी. तो दर्शनाला गेला की अब्बा त्याचा गल्ला सांभाळत. यात कोणी कोणावर उपकार केल्याचे मला आठवत नाही. तो धंद्याचा रिवाज होता.

हा धंदा पुढे माझ्या चुलतभावाने चालवला. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत चार पोरे त्याच्या दुकानापुढे उभी राहिली. नाव विचारले, मग म्हणाली, दुकान उचल. त्याने वाद घातला नाही. काचेचा माल आहे, धक्का लागला तरी नुकसान. घरी येऊन त्याने पेटी माळ्यावर टाकली. यात्रेचे नाव मी सांगत नाही, कारण ती यात्रा वाईट नाही. चार पोरे म्हणजे यात्रा नव्हे.

पण आता गोष्ट चार पोरांवर थांबत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. प्रशासनाने त्याला हरकत घेतली. मढी म्हणजे भटक्यांची पंढरी. गाढवांच्या बाजारासाठी नावाजलेली. पिढ्यान् पिढ्या रस्त्यावर राहिलेल्या जमाती तिथे वर्षातून एकदा जमत आल्या. त्याच स्थानाला मुस्लिम भाविक शाह रमजान माही सवार या नावाने ओळखत आले. ज्या यात्रेत बिनगावाच्या माणसांना गाव मिळत होते, तिथे ‘तू कोण’ हा प्रश्न ठरावाच्या कागदावर यावा, याचे दुःख फक्त मुस्लिमांचे नाही.

माझ्या भाच्याने मढीचा ठराव वाचलेला नव्हता. तरी तो नियम त्याच्या वहीत आला. म्हणजे असे की पवित्र जागा म्हटले की पहारा आणि पवित्रता म्हटले की हकालपट्टी, हे चित्र आता हवेतच आहे. ते खेळातही शिरते, आणि ज्याला हाकलायचे त्याच्याच हातून लिहिले जाते. म्हणून इतिहास सांगावा लागतो. पूर्वी सगळे गोडीगुलाबीने नांदत होते असे मी म्हणणार नाही. जातीचे दरवाजे आपल्या तीर्थक्षेत्रांत होतेच. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. दरवाजा बंद करणे आपल्याला नवे नाही. पण तो उघडणे ही तितकीच आपली परंपरा आहे, आणि यात्रा जगली ती दरवाजे उघडणाऱ्यांमुळे, बाहेरून आलेल्यांमुळे.

मी भाच्याला म्हटले, तो नियम खोडून टाक.

त्याने थोडा विचार केला. ‘नाही मामू, खोडत नाही. खोडला तर गाव खोटं होईल. तुमच्या चुलतभावाला विचारलंच ना त्यांनी?’

मग त्याने नकाशा नव्याने काढला. तट वेडावाकडा, सशाच्या वाटेसारखा. देऊळ तटाबाहेर, नदीकाठी. नदीच्या खालच्या अंगाला दोन वैरी देवांची एकच बैठक. बाजारात एक म्हातारा बांगडीवाला, जो मनगट बघून माणूस कुठून आला ते ओळखतो. दरवाजावरचा पहारेकरी त्याने तसाच ठेवला, प्रश्नासकट. फक्त कथा चालवणाऱ्यासाठी खाली एक ओळ लिहिली: हा पहारेकरी गावापेक्षा नवा आहे. त्याला इथे कोणी आणि कधी उभे केले, हे खेळणाऱ्यांनी शोधून काढायचे.

पुढच्या महिन्यात त्याने नागपूरच्या खोलीवर मित्रांसोबत तो खेळ मांडला. रात्री उशिरा मला फोन आला. मागे गोंधळ चालला होता, दोन-तीन पोरे एकदम बोलत होती.

‘मामू, हे लोक तटावरून उडी मारायला निघालेत. मी म्हटलं, फासा नंतर टाका, आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आता सांगा, नाना आणि तो कुंकूवाला आपसात काय बोलायचे? मला लिहून घ्यायचंय.’

मी उठून बसलो आणि सांगू लागलो.